बांगडा थांबत नाही

४ फेब्रुवारी

दादा,

बसून वाच. उभ्याउभ्या वाचण्यासारखं हे पत्र नाही. आपल्या घरात यंत्र आलंय. आत्ता ते माझ्या पाठीमागे घरघरतंय आणि त्याच्या घरघरीने टेबल हलतंय, म्हणून अक्षर असं आलंय. उगाच काळजी करू नकोस.

मासे वाळवायचं यंत्र आहे. उन्हात वाळवतात तसं नाही. आधी मासा गोठवून दगड करायचा, मग आतली सगळी हवा खेचून घ्यायची आणि मग अगदी हळूहळू, लाडीगोडी लावल्यासारखी ऊब द्यायची. म्हणजे होतं काय, बर्फ वितळतच नाही. त्याची सरळ वाफ होते आणि ती यंत्राच्या भिंतीला जाऊन चिकटते. बर्फाला पाणी व्हायची संधीच मिळत नाही बिचाऱ्याला. मासा जसाच्या तसा राहतो, आकार तोच, रंग तोच, फक्त आतलं पाणी गेलेलं. हवाबंद करून ठेवला तर वीस-वीस वर्षं टिकतो म्हणतात. खायच्या वेळी पाण्यात टाका, पुन्हा मासा. दादा, वीस वर्षं. तेव्हा माझे केस पांढरे झालेले असतील आणि मासा ताजा असेल.

तू मासे गोठवणाऱ्या जहाजावर राहतोस, तुला यातलं निम्मं पाठ असेल. पण मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये, आणि बाबा ऐकत नाहीत.

आमच्या दातांच्या लॅबच्या शेजारी औषधांची लॅब होती, ती बंद झाली. तिथलं हे यंत्र भंगारात निघालं होतं. मी जेवणाच्या सुट्टीत डबा सोडून धावले. चार माणसांनी ते जिन्यावरून वर आणलं, पाचवी मी, ओरडायला. आता ते तुझ्या खोलीत आहे. रागावू नकोस. तुझा पलंग उभा करून भिंतीला टेकवलाय, मोडलेला नाही.

बाबांनी दारातून पाहिलं. मग तोंडातली कवळी काढून खिशात टाकली. राग आला की ते कवळी काढतात, आणि ती मी केलेली असल्यामुळे मला दिसेल अशी काढतात. बोळक्या तोंडाने म्हणाले, "माशाला एकदाच मारतात, पोरी."

तुला ठाऊकच आहे, तू त्या जहाजावर गेल्यापासून गोठवणं हा शब्द आपल्या घरात शिवीसारखा झालाय. या जहाजांनी आपल्या किनाऱ्याचा मासा झाडून नेला आणि माझाच मुलगा तिथे झाडू धरायला चालला, असं त्या दिवशी म्हणाले होते. वर म्हणाले, गेलास तर गेलास. तू गेलास. तेव्हापासून तुझं नाव निघालेलं नाही.

विचारशील की कवळ्या करणाऱ्या बाईला हे खूळ कुठून लागलं. सहज. बाबा मासे आणतात, बर्फवाला त्याच्या मर्जीने येतो, निम्मा मासा मांजरांच्या पोटात जातो. बाबा अगदी ठणठणीत आहेत. रोज होडी काढतात. म्हणजे, जवळजवळ रोज.

उत्तर लॅबच्या पत्त्यावर पाठव. घरच्या नको.

तुझी दातवाली


१९ फेब्रुवारी

दादा,

जमलं. आणि मग बिघडलं. पण जमलं होतं, हे आधी लिहून ठेव.

पहिला घाणा मी वाया घालवला होता, तो सांगायचाच नव्हता, पण सांगते. मी माशाचे चांगले जाडजूड तुकडे केले, कातडीसकट, आई करायची तसे. वरून सगळं छान खडखडीत दिसत होतं. एक तुकडा मोडला तर आत बर्फाची गोळी. दोन दिवसांचा घोळ आणि वर मांजरांची चैन.

दुसऱ्या वेळी तुकडे पातळ केले आणि यंत्राला वाटेल तितका वेळ दिला. मी मात्र दर अर्ध्या तासाने काचेतून डोकावत होते. लॅबमधून दोनदा घरी पळून आले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा आमचे मालक म्हणाले, घरी कोणी आजारी आहे का. मी म्हटलं, नाही, मासा वाळतोय. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

आणि दार उघडलं तेव्हा, दादा, काय सांगू. पांढरेशुभ्र तुकडे. उचलले तर हातात काही आहे असं वाटेना. थर्मोकोलसारखे हलके. एक पाण्यात टाकला आणि मी वाडग्यापाशी बसून राहिले. आधी तो तरंगला, मग कडेने काळपट झाला, मग हळूहळू बसला आणि थोड्या वेळाने बोटाने दाबला तर माशासारखा दबला. मी तो तव्यावर टाकला. आपल्या घरात तव्यावरच्या माशाचा वास आला आणि तो मासा आठवड्यापूर्वीचा होता. मी एकटीच स्वयंपाकघरात नाचले.

मग ऑफिसात गेले. लॅबला मी ऑफिस म्हणते, म्हणजे जरा बरं वाटतं. बाकीच्या तुकड्यांच्या पिशव्या संध्याकाळी भरणार होते. परत आले तर यंत्राची ताटं रिकामी. म्हटलं मांजर. मांजर नव्हतं, बाबा होते. गच्चीवर गोणपाट अंथरून त्यावर सगळे तुकडे ओळीने मांडून, शेजारी काठी घेऊन कावळे हाकत बसले होते.

मी विचारलं, हे काय. तर म्हणाले, ऊन दाखवतोय. वाळवलेल्या माशाला शेवटचं ऊन दाखवावं लागतं, तुझ्या यंत्राला कुणी शिकवलेलं नाही.

आता आपल्या गच्चीवरची हवा तुला माहीत आहे. समुद्रावरून येणारी, दमट. मिठाच्या डबीला पाणी सुटतं. ते कोरडेठाक तुकडे त्या हवेतलं पाणी दिवसभर पीत बसले होते. संध्याकाळपर्यंत जुन्या बिस्किटासारखे मऊ. दीड दिवस यंत्राने एकेक थेंब काढला आणि माझ्या बापाने तो दुपारभरात परत घातला.

पण मी चिडले नाही, उलट मला हसू फुटलं आणि थांबेचना. का ते कळलं का तुला? यंत्राला नावं ठेवणारा माणूस, आपण होऊन ताटं उचलून गच्चीवर घेऊन गेला. जिना चढून. काठी घेऊन. त्यांना तो मासा चांगला वाळायला हवा होता.

त्यांनी एक तुकडा गालाला लावला आणि म्हणाले, "सकाळी बरा होता."

तुझी दातवाली

ता. क. तू जहाजावरचा माणूस. कधी थांबायचं ते कसं ओळखायचं, सांग ना.


२३ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. एवढं मोठं पत्र तू मला आजवर लिहिलेलं नाहीस. मी कशी आहे हे विचारायला एक ओळ, आणि माशाची कातडी काढायला तीन पानं. चालेल. मी ते लॅबमध्ये वाचलं आणि एका बाईंच्या कवळीवर प्लॅस्टर जास्त ओतलं.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. कातडी काढायची, कारण वाफ तिच्यातून बाहेर पडत नाही. काटे वेचून काढायचे, नाहीतर पिशवीला भोक पडतं. सगळे तुकडे एकाच जाडीचे, बोटाएवढे. आधी ताटासकट गोठवायचे. आणि झालं असं वाटलं की ताट बाहेर काढून मधला तुकडा मोडून हात लावायचा. गार लागला तर आत बर्फ आहे, परत यंत्रात. तोलून बघायचं, पुन्हा चालवायचं, पुन्हा तोलायचं. वजन उतरायचं थांबलं की झालं. मग लगेच, त्या क्षणी, चंदेरी पिशवीत, आत हवा शोषणारी पुडी टाकून, बंद. गच्चीवर नाही.

आता गंमत ऐक. बाबांना सांगायचं कसं? म्हटलं, एका पुस्तकात वाचलंय. आणि तुझं पत्र वहीत घालून, पुस्तकातून वाचल्यासारखं त्यांना वाचून दाखवलं. ते होडीच्या दोरीला गाठ मारत बसले होते. मधेमधे हं म्हणत होते. ही पुस्तकं लिहिणारी माणसं कधी भिजली तरी असतील का, असंही म्हणाले. मी पुढे वाचत गेले. कातडी काढताना शेपूट हातातून निसटते, म्हणून बोटं आधी जाड्या मिठात बुडवावीत आणि सुरी हलवण्याऐवजी कातडीच हलवावी.

बाबांचा हात थांबला.

मी वाचायची थांबले. ते म्हणाले, "वाच. पुढे काय लिहिलंय त्याने?"

त्याने, दादा. पुस्तकाला कुणी त्याने म्हणतं का? मिठात बोटं बुडवायला त्यांनीच तुला शिकवलं होतं, तू इतका लहान होतास की सुरी दोन हातांनी धरायचास. माझी तर पाचावर धारण बसली. मी पुढचं वाचलं, शेवटपर्यंत. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले की सुरी हलवू नये हे बरोबर आहे. कवळी तोंडातच होती.

म्हणून आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. यंत्र मी सहज आणलेलं नाही. बाबांचा उजवा हात थरथरतो. गेल्या थंडीत सुरू झालं, आधी चमचा, मग गाठी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्याने थोडं बरं आहे, पण हा हंगाम शेवटचा. डॉक्टरांनी नाही, बाबांनीच तसं ठरवलंय. होडी त्यांच्या त्या मित्राला द्यायची, ज्याला तू जाडेकाका म्हणायचास. आत्ताही तेच बरोबर जातात आणि जाळं बहुतेक तेच ओढतात. तुला कळवायचं नाही असं बाबांनी मला बजावलं होतं. म्हणजे बघ, तुझं नाव न घेता तुझ्याबद्दल बोलायला माणसाला किती कसरत करावी लागते. म्हणाले, "कुणाला काही लिहायचं नाही." घरात पत्र लिहिणारी मी एकटी, आणि मी एकालाच लिहिते.

तर मला वाटलं, यांच्या हातचा मासा संपणार. तुझा करार अजून दोन वर्षांचा. सुट्ट्या तू घेत नाहीस, दरवर्षी नुसत्या साठवत जातोस हे मला माहीत आहे. तू येशील तेव्हा बाबांनी आणलेला मासा घरात नसेल. हे मला सहन होईना. म्हणून यंत्र. वीस वर्षं टिकतो म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही.

आता मला सांग, तुझ्यासाठी कोणता मासा ठेवू?

तुझी दातवाली


८ एप्रिल

दादा,

घाईत लिहितेय. यंत्र आता माझं राहिलेलं नाही. बाबांनी ताब्यात घेतलंय. सकाळी उठल्यावर आधी पंपाचं तेल बघतात, मग चहा. तेल काळं दिसलं की माझ्यावर ओरडतात, जणू मी ते प्यायले. ताटातला मधला तुकडा ते हाताने तपासत नाहीत; हात हलतो म्हणून डावा गाल लावतात, आणि त्यांचा गाल माझ्या वजनकाट्यापेक्षा पक्का आहे. काल मी म्हटलं झालं, ते म्हणाले नाही. पुन्हा चालवलं, आणि वजन खरंच उतरलं. जाडेकाकांना खोलीत आणून काचेतून दाखवलं. काका म्हणाले, टीव्हीपेक्षा बरं आहे.

पांढऱ्या मांसाच्या माशांच्या पिशव्या झाल्यात. प्रत्येकीवर मी लिहिते, कच्चा आहे, शिजवूनच खा. बाबा म्हणतात, हे काय लिहायला हवं? मी म्हटलं, वीस वर्षांनी कोण उघडेल सांगता येतं का. ते उठून पुन्हा पंपाचं तेल बघायला गेले.

शेवटची फेरी ठरलीय. तीस तारखेला.

तुझी दातवाली


१ मे

दादा,

मी आज लॅबला गेले नाही. तुला सगळं आजच लिहायचंय, ओळीने लिहिते, नाहीतर आधी शेवटच लिहून टाकेन.

काल पहाटे बाबा आणि जाडेकाका होडी घेऊन गेले. मी धक्क्यावर उभी राहिले. बाबांनी मला हात केला नाही, दोन्ही हात सुकाणूवर होते. मग लॅबला गेले तर तुझं पत्र आलेलं. तिथेच जिन्यात फोडलं.

तू लिहिलं होतंस की आवडतो तर बांगडाच, हे काय विचारायचं, पण बांगडा यंत्रात घालू नकोस. त्याच्यात तेल फार. पाणी निघतं, तेल निघत नाही, आणि तेल खवट होतं. पांढरा मासा वर्षानुवर्षं राहील, बांगडा काही महिन्यांत जाईल. आम्ही जहाजावर त्याला वेगळाच ठेवतो. तेव्हा पांढराच ठेव, मला चालेल. तुझं हे चालेल वाचून मला तुझा चेहरा दिसला. लहानपणी मोठा तुकडा माझ्या ताटात घालून असंच म्हणायचास.

मी म्हटलं, बरं झालं वेळेत कळलं. बाबा पांढराच आणणार, हल्ली तोच आणतात. दुपारी धक्क्यावर गेले. होडी लागली. काकांनी वरचं कापड उचललं.

बांगडे, दादा. सगळे बांगडे. निळे-हिरवे, चकचकीत, एकावर एक. पांढरा मासा औषधालाही नाही. काका माझ्या कानाशी येऊन सांगायला लागले की पांढऱ्या माशाची जागा समोर होती, मी म्हटलं टाकू या, तर तुझा बाप ऐकेना. पुढे, अजून पुढे. शेवटी मिळाला हा. मग म्हणाला, शेवटचं जाळं मी ओढतो. मी धरायला गेलो तर मला ढकललं. थरथरत्या हातांनी ओढलं त्याने, पण ओढलं.

बाबा होडीतून उतरले. कपडे चिंब. इतके खूश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. मला म्हणाले, ताटं गोठवायला लाव, आज दोन घाणे. तो कुणासाठी आहे हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बांगडा आपल्या घरात एकालाच एवढा आवडतो.

आता तू सांग, मी काय करायला हवं होतं? तुझं पत्र माझ्या पर्समध्ये. मला वाटलं, गप्प बसावं. वाळवून टाकावा, पिशवीत भरावा, खवट झाल्यावर बघू. त्यांना कुठे कळणार आहे. पण ते मिठात बोटं बुडवून कातडी काढायला बसले. हात हलतोय, शेपूट निसटतेय, पुन्हा मीठ, पुन्हा शेपूट. एक बांगडा सोलायला त्यांना जेवढा वेळ लागत होता तेवढ्यात मी चार सोलले असते, पण मला हात लावू देईनात. हे सगळं सडायला ठेवायचं आणि त्यांना सांगायचं नाही, हे माझ्याच्याने होईना.

मी समोर बसले आणि सांगून टाकलं. पुस्तकाचं नाव घेतलं नाही. म्हटलं, दादाचं पत्र आलंय. तो म्हणतो, बांगडा टिकत नाही.

बाबांनी सुरी खाली ठेवली. मला वाटलं आता कवळी निघणार. निघाली नाही. त्यांनी विचारलं,

"पांढरा किती टिकतो?"

"वीस वर्षं."

"आणि हा?"

"पाच-सहा महिने. गार जागी ठेवला तर. त्याच्यापुढे नाही."

नळ टपकत होता, तो मी उठून बंद केला. परत येऊन बसले तेव्हा बाबा म्हणाले, "बरं झालं."

मी म्हटलं, काय बरं झालं, बाबा? दिवसभराची मेहनत गेली.

"वीस वर्षं टिकला असता तर तो वीस वर्षं आला नसता." मग पुन्हा मिठात बोटं बुडवली. "लिही त्याला. बांगडा थांबत नाही म्हणावं."

मी लिहितेय. हे मी माझ्या मनाचं घालत नाहीये, शब्द न् शब्द त्यांचे आहेत. दादा, मी रडले, आणि मग मला इतका आनंद झाला की मी उठून उगाचच यंत्राचं दार पुसलं. ये म्हणायला त्या माणसाची जीभ रेटत नव्हती, आता त्यांना कारण मिळालंय. बांगड्याचं कारण. तूही तेच कारण घे आणि ये. तुझ्या साठलेल्या सुट्ट्यांचं काय लोणचं घालणार आहेस?

दोन्ही घाणे लावलेत. पंप घरघरतोय. पिशव्यांवर वीस वर्षं लिहायची माझी सवय मोडली. ऑक्टोबर लिहिणार आहे.

आता उत्तर घरच्या पत्त्यावर पाठव.

तुझी दातवाली


२२ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र आलं, आणि माझ्या नावाने नाही आलं. पोस्टमन मला देत होता, बाबांनी मधूनच घेतलं. माझं आहे म्हणाले, आणि घेऊन तुझ्या खोलीत गेले, दार लावलं. तुमच्या दोघांत काय लिहिलं-वाचलं गेलं ते मला कुणी सांगत नाही. मीच हा सगळा घाट घातला आणि मीच आता दाराला कान लावून उभी. आत नुसता पंप ऐकू येत होता.

बाहेर आले तेव्हा म्हणाले, सप्टेंबरात येतोय. जसं काही दूधवाला येतोय. मग जेवायला बसले आणि एक पोळी जास्त खाल्ली.

तुझ्या करारातून तुला महिनाभर मोकळीक मिळाली हे मला जाडेकाकांकडून कळलं. हो, काकांना सांगितलं त्यांनी. फळवाल्याला सांगितलं. मला काय, मी तर घरचीच.

आता पुढची बातमी. होडी काकांना द्यायची होती ना? बाबा पंधरा दिवसांपूर्वी जाऊन सांगून आले की अजून नाही, सप्टेंबरनंतर. काका म्हणाले, तुझी होडी, तुझी मर्जी. घरी आल्यावर मला म्हणाले, उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर यायचं. मी म्हटलं, कुठे? म्हणाले, होडीवर. तो येणार त्या दिवशी घरात ताजा बांगडा हवा, आणि जाळं ओढायला माझा उजवा हात कामाचा नाही.

तर दादा, मी, जिने आजवर दातांपेक्षा जड काही उचललेलं नाही, ती रोज पहाटे जाळं ओढतेय. आठवड्याने तळहाताची सालं निघाली. पहिल्या दिवशी जाळ्यात एक चप्पल आली. बाबा इतके हसले की कवळी पाण्यात पडता पडता वाचली. मी ती हवेत झेलली, दुसरी करायला मला दोन दिवस लागले असते. पण काल, दादा, काल जाळं जड लागलं, मी पाय रोवून ओढलं आणि ते वर आलं, सळसळत. बाबा सुकाणूवरून ओरडून सांगत होते, सोडू नकोस, सोडू नकोस. मी कुठली सोडतेय.

परत येताना मी त्यांना विचारलं, मग त्या पिशव्यांचं काय करायचं? एवढे बांगडे वाळवून ठेवलेत, ते तुमच्या शेवटच्या जाळ्याचे. ताजा खायचा तर ते कधी खायचे?

बाबा पुढे बघत होते. म्हणाले, "ते त्याला देऊ. परत जाताना."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. पुन्हा विचारलं.

"परत जाताना बरोबर दे म्हटलं ना. गार ठेव म्हणावं. जहाजावरच्या लोकांनाही खायला घाल म्हणावं, सगळं एकट्याने संपवू नकोस."

दादा, ज्या माणसाने तुला गेलास तर गेलास म्हटलं होतं, त्याने काल तुझ्या जाण्याची शिदोरी बांधायला सांगितली. कवळी तोंडात होती, आवाज नेहमीचा होता, आणि त्यांनी ते दोनदा म्हटलं. होडीतून उतरल्यावर मी धक्क्यावर बसून राहिले. त्यांना वाटलं मी दमले.

मी पिशव्या काल रात्रीच्या जेवणाआधीच एका पेटीत भरल्या, वर तुझ्या जहाजाचं नाव लिहिलं. बाबांनी ते वाचलं आणि खोडलं नाही. तुझा पलंग आडवा केलाय. यंत्र माझ्या खोलीत आलंय, तिथे आता मला वळायला जागा नाही, पण मला चालेल.

तेव्हा मनात काही ठेवू नकोस. मोकळा ये. परत जायची सोय बाबांनी करून ठेवलीय.

तुझी
दातवाली